गोव्याच्या जेवणासोबत बार्बेरा

पणजीतील ज्या दुकानातून मी गेली काही वर्षे वाइन घेतो, त्याला जोडूनच असलेल्या लहानशा बारमध्ये गेल्या महिन्यात बार्बेराच्या तीन वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखता आल्या. बार्बेरा हे द्राक्षाचे नाव असून इटलीच्या वायव्येकडील पिएमॉन्ते प्रांतात, अस्ती आणि आल्बा या शहरांभोवतीच्या टेकड्यांवर त्याची मोठी लागवड होते. त्याच टेकड्यांवरचे नेब्बिओलो हे द्राक्ष बारोलो या वाइनमुळे मानाचे ठरले, तर बार्बेरा तिथल्या घरांत रोजच्या जेवणासोबत घेतली जाते. गोव्याच्या जेवणाला हीच लाल वाइन सर्वांत अधिक मानवते, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्याचे कारण तिच्या आंबटपणात आहे. तिचा रंग पिकलेल्या जांभळासारखा गडद असला, तरी तुरटपणा आणणारे टॅनिन तिच्यात कमी असते. काजूचे बोंडू खाल्ल्यावर जीभ जशी आवळून येते, तसा परिणाम अनेक दाट लाल वाइन करतात आणि मिरचीच्या तिखटासोबत तो अधिकच बोचतो. बार्बेराचा घोट मात्र आंबट चेरीची चव ठेवून तोंड स्वच्छ करतो. तेलकट, मसालेदार घासानंतर आपण सोलकढीकडे वळतो ते याच कामासाठी.

तिन्हींपैकी मला सर्वांत आवडली ती साधी बार्बेरा द'अस्ती. या नावाच्या वाइनमध्ये किमान 90 टक्के बार्बेरा असणे बंधनकारक आहे आणि 2008 पासून तिला डीओसीजी हा इटलीतील सर्वोच्च दर्जा आहे. आल्ब्याची बाटली थोडी भरदार लागली. तिसरी नित्सा, म्हणजे केवळ बार्बेराचीच, किमान 18 महिने आणि त्यांतील 6 महिने लाकडी पिंपात मुरवलेली. ती निःसंशय उंची वाइन आहे, परंतु लाकडाचा व्हॅनिलासारखा गंध शागुतीच्या भाजलेल्या खोबऱ्याशी आणि मसाल्याशी जुळत नाही. तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला तरी दिसले नाही.

खरेदी करताना दुकान पारखून घ्यावे, हे मी मुद्दाम सांगतो. हीच अस्तीची वाइन मी पूर्वी दुसऱ्या एका दुकानातून घेतली होती. ती बाटली रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात, दुपारच्या उन्हात उभी होती. घरी पाहिले तर बूच किंचित वर सरकलेले, आणि चव शिजवलेल्या फळाची. उष्णतेने मेलेली वाइन फ्रीजमध्ये ठेवून सुधारत नाही. पणजीच्या या दुकानात बाटल्या वातानुकूलित खोलीत आडव्या ठेवतात, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. उणीव एवढीच, की निवड मोजकी आहे आणि ग्लास फार लहान असल्याने गंध नीट उमगत नाही.

मी अस्तीच्या दोन बाटल्या घेतल्या. आपल्याकडे खोलीचे तापमान 30 अंशांच्या आसपास असते, म्हणून पिण्यापूर्वी दीड-दोन तास बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि साधारण 16 अंशांवर ती चोरीस-पावासोबत, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेज आणि पावासोबत, उघडली. त्या रात्री दुसरीही उघडावी लागली.