नवी अर्टिगा की वापरलेली?
मुंबईत सात माणसांच्या कुटुंबासाठी मारुतीची अर्टिगा घ्यायची ठरली की नवी घ्यावी की वापरलेली, हा प्रश्न येतोच. नव्या गाडीत वॉरंटी मिळते आणि गाडीचा पूर्वेतिहास तपासावा लागत नाही; मात्र रस्ता कर, विमा आणि नोंदणी धरून हातात पडणारी किंमत शोरूमच्या किमतीपेक्षा बरीच वाढते. वापरलेल्या गाडीचा हा कर पहिल्या मालकाने एकरकमी भरलेला असतो, शिवाय सुरुवातीच्या वर्षांतली किमतीची मोठी घटही त्यानेच सोसलेली असते.

ऑटोमॅटिक हवी असेल, तर मी एप्रिल 2022 नंतरचीच गाडी पाहीन, कारण तेव्हा जुन्या चार गिअरच्या जागी सहा गिअरची यंत्रणा आली आणि घोडबंदरच्या चढावर भरल्या गाडीत तो फरक लगेच जाणवतो. 2020 पूर्वीची डिझेल गाडी स्वस्तात मिळाली, तरी शहरातल्या रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी ती मला पटत नाही.

या शहरात खरी भीती तुंबलेल्या पाण्याची आहे. माझ्या भावाने पसंत केलेल्या गाडीचा मागचा सीटबेल्ट आम्ही शेवटपर्यंत ओढला, तेव्हा पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची सरळ रेघ दिसली आणि व्यवहार तिथेच थांबला. सीएनजी गाडी असेल, तर टाकीच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. आधीच्या मालकाने गाडीवर कर्ज घेतले असेल, तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला हाती आल्याशिवाय मात्र पूर्ण पैसे देऊ नयेत.