शिकागोतील इलेक्ट्रिशियन: स्थानिक नियम नीट जाणणारा कारागीर

इंडियानातून शिकागोत राहायला आल्यावर तळघरातील नव्या वायरिंगसाठी आम्ही एका परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावले आणि त्याच्या कामाने मी मनापासून समाधानी आहे. ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ ही अमेरिकेतील सुरक्षित वायरिंगची नमुना नियमावली दर 3 वर्षांनी नव्याने निघत असली, तरी राज्याने किंवा शहराने स्वीकारल्याशिवाय तिला कायद्याचे बळ येत नाही, हे त्याने पहिल्याच भेटीत समजावून सांगितले. इंडियानातील आमच्या जुन्या घरात पिवळ्या प्लॅस्टिक आवरणाची केबल भिंतीतून थेट फिरवलेली होती. शिकागोत मात्र 2017 च्या कोडवर बेतलेले नवे नियम 2018 पासून लागू झाले, तरी घरातील तारा सर्वसाधारणपणे धातूच्या नळीतूनच नेण्याची जुनी अट कायम राहिली. त्याने नळीचा प्रत्येक बाक जागेवरच वाकवून जुळवला आणि कापलेली कड बोटाला टोचणार नाही इतकी घासली. खर्च वाढतो खरा, पण भिंतीत खिळा ठोकला तरी तारेला धक्का लागण्याची भीती कमी होते आणि पुढे भिंत न फोडता नवी तार ओढता येते, म्हणून मला तो रास्त वाटतो. परमिट त्यानेच काढले. तपासणी होईपर्यंत भिंत झाकू दिली नाही. तपासणीला किती दिवस लागतील, हे मात्र त्याने आधी सांगायला हवे होते.