नवी 390 ड्यूक, ट्रॅक आणि सस्पेन्शनचे पाच क्लिक

सस्पेन्शनच्या अॅडजस्टरला पाचच क्लिक, म्हणजे फिरवताना लागणारे टप्पे, त्यात काय कप्पाळ फरक पडणार, असं बरेच जण म्हणतात. माझं मत बरोबर उलटं आहे. केटीएमच्या 399 सीसीच्या नव्या 390 ड्यूकला पुढे कॉम्प्रेशन (सस्पेन्शन किती सहज दबतं) आणि रिबाउंड (दबल्यावर किती वेगानं परत उघडतं) बदलता येतात, मागे रिबाउंड आणि प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची). पुढे टप्पे पाचच, म्हणून एक क्लिक फिरवला की ढुंगणाला लगेच कळतं. वीस क्लिकवाल्या गाडीवर नवखा माणूस दोन क्लिक फिरवतो आणि काहीतरी सुधारलंय अशी स्वतःची समजूत घालतो.

माझा वापर म्हणजे रोज पुण्याचं ट्रॅफिक, सुट्टीला ताम्हिणी, आणि अधूनमधून चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. गाडी बनते आपल्या चाकणला, पण मोकळी सोडायची तर हजारएक किलोमीटर लांब न्या. असो.

सेटिंग क्लिकपासून नाही, सॅगपासून सुरू करा. सूट, बूट, हेल्मेट सगळं चढवून बसायचं. एक मित्र गाडी सरळ धरणार, दुसरा टेप लावणार. मागचं चाक हवेत असताना अॅक्सलपासून (चाकाच्या आसापासून) सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत माप घ्या, मग तुम्ही बसल्यावर तेच माप घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक एकूण जितकं वर-खाली होऊ शकतं ते अंतर, 150 मिमी आहे. रस्त्यावर सॅग त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास चालतो, ट्रॅकसाठी प्रीलोड वाढवून चौथ्या हिश्श्याकडे आणा.

पुढे मात्र प्रीलोड बदलताच येत नाही, आणि या गाडीची खरी उणीव हीच. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळीला झिप टाय, म्हणजे प्लास्टिकची बंधपट्टी, बांधा आणि ट्रॅकवर एक सेशन मारून या. टाय पार तळाला पोचला असेल तर कॉम्प्रेशन वाढवून वेळ मारून नेता येते, पण नव्वद किलोच्या गड्याला कडक स्प्रिंगशिवाय इलाज नाही. अर्थात त्याआधी आपण ब्रेक कसा लावतो ते बघा. लिव्हर खाडकन ओढला तर कुठलाही फोर्क आपटणारच. पहिल्यांदा हलकं दाबायचं, वजन पुढे येऊ द्यायचं, मग जोर लावायचा, आणि कॉर्नरमध्ये शिरताना बोटं हळूहळू सैल करत जायची. लिव्हर एकदम सोडला की फोर्क उसळतो आणि गाडी लाइन सोडून बाहेर जाते. मग लोक रिबाउंडला शिव्या घालतात.

मागच्या रिबाउंडचा प्रकार थोडा फसवा आहे. फार स्लो केला तर लागोपाठच्या उंचवट्यांवर शॉक (मागचं सस्पेन्शन) पुरता उघडायच्या आत पुन्हा दबतो, मागची बाजू बसते आणि थ्रॉटल उघडल्यावर गाडी बाहेर पळते. फार फास्ट ठेवला तर गाडी डुलते. पण मोठ्या सरळ पट्ट्यानंतरच्या वेगवान कॉर्नरमध्ये गाडी थरथरली, तर स्क्रूड्रायव्हर काढायच्या आधी स्वतःचे हात तपासा. ड्यूकचा हँडलबार रुंद आहे, दंड ताठ झाले की त्यांची कंपनं थेट पुढच्या चाकात उतरतात. बाहेरच्या बाजूचा गुडघा टाकीत रोवा, वजन मांड्यांवर आणि पोटावर घ्या आणि लीनमध्ये, म्हणजे गाडी कॉर्नरमध्ये कलंडलेली असताना, कोंबडीच्या पंखांसारखे कोपर हलवून बघा. हलत नसतील तर क्लिक फिरवण्यात अर्थ नाही.

ट्रॅक मोड, लॅप टायमर ठीक आहेत. सुपरमोटो एबीएसमध्ये मागच्या चाकाचा एबीएस बंद होतो, नवख्याने ट्रॅकवर त्याच्या वाटेला जाऊ नये.

एका सर्व्हिस सेंटरमधून गाडी परत आली तेव्हा फोर्कच्या दोन्ही पायांची सेटिंग बदललेली होती, आणि कोणी हात लावल्याचं कोणाला आठवेना. त्यामुळे अॅडजस्टर पूर्ण बंद करून तिथून उलटे मोजलेले क्लिक टाकीवरच्या टेपवर लिहून ठेवा. रस्त्यावर मी कॉम्प्रेशन सगळ्यात मऊ ठेवतो, रिबाउंड मधोमध. आपल्याकडचे स्पीडब्रेकर त्यापेक्षा कडक काही सहन करू देत नाहीत.

वजन पंच्याहत्तरच्या आत असेल तर गाडी आहे तशीच ट्रॅकवर न्या आणि उरलेले पैसे टायरला घाला. त्यापेक्षा जड असाल तर एक्झॉस्टचं खूळ सोडा, आधी फोर्कच्या स्प्रिंगा बदला.