राजापूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग: निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल वापरून पाहताना

लोकसभेच्या एखाद्या मतदारसंघाचा इतिहास मुळापासून जुळवायचा तर भारत निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांना पर्याय नाही. १९५१-५२ पासूनच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. अडचण एकच, आणि तीच मोठी: प्रत्येक अहवाल त्या-त्या निवडणुकीपुरता बोलतो. मतदारसंघाचा धागा आपणच ओवायचा. हे अहवाल कुठे चालतात आणि कुठे दगा देतात, हे बघायला राजापूर हा चांगला नमुना आहे. नाथ पै, मधू दंडवते, सुरेश प्रभू यांचा हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नावासकट गेला.

सुरुवात फाइल शोधण्यापासून. महाराष्ट्राच्या यादीत १९५७ चा राजापूर सापडणार नाही, तो मुंबई राज्याच्या पानांत आहे. १९५२ ला तर राजापूर हे नावच नव्हते. रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. १९६२ पासून मात्र सरळ महाराष्ट्राखाली बघा. १९५२ आणि १९५७ मध्ये काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते, तिथे मतदाराला दोन मते असत. त्यामुळे मोजलेली मते मतदारांपेक्षा जास्त दिसली तर छपाईची चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका.

जुने अहवाल खंडांत आहेत. पहिल्या खंडात देश-राज्य गोषवारे आणि उमेदवारनिहाय निकाल, दुसऱ्यात प्रत्येक मतदारसंघाचे एकेक टिपण: किती अर्ज आले, किती बाद, किती मागे घेतले, किती जणांची अनामत गेली, मतदार, झालेले मतदान, बाद मते, मतदान केंद्रे, विजेता, दुसरा, मताधिक्य. हे टिपण या मालिकेतले सर्वांत कामाचे पान. पण त्यात तिसरा उमेदवार नसतो. तिरंगी लढतीचे वर्ष असेल तर, उदाहरणार्थ दंडवते हरले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले ते १९९१, पहिला खंड उघडल्याशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही.

क्रमांकावर विसंबून तक्ते जोडणारे इथेच फसतात. मतदारसंघ पुनर्रचनेच्या १९७६ च्या आदेशात राजापूर महाराष्ट्रात क्रमांक १ होता, यादी दक्षिणेकडून सुरू होई. २००८ नंतर क्रमांक १ नंदुरबारला गेला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग ४६ वर आला. एक्सेलमध्ये क्रमांकावर जोडणी केली की कोकणाचा वारस खानदेशात निघतो! जोडणी नावावर करा, आणि पुनर्रचनेचे टप्पे वेगळे ठेवा: १९६७, १९७७ आणि २००९ या निवडणुका नव्या हद्दींवर झाल्या. १९७७ ते २००४ या नऊ निवडणुकांच्या हद्दी एकच, म्हणून मतांची थेट तुलना करायची ती याच पट्ट्यात. २००९ चा मतदारसंघ म्हणजे राजापूरला दिलेले नवे नाव नव्हे. चिपळूण आणि रत्नागिरी ही विधानसभा क्षेत्रे जुन्या रत्नागिरी लोकसभेतून आली. मालवण, वेंगुर्ला, देवगड ही विधानसभा नावे गेली. आज चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशी सहा आहेत. निलेश राणे यांनी २००९ मध्ये सुरेश प्रभूंना हरवले त्याला ‘राजापूर गेला’ म्हणणे म्हणूनच अर्धेच बरोबर.

पक्षांची संक्षेपे हा दुसरा सापळा. १९७७ च्या अहवालात जनता पक्षाचे उमेदवार भारतीय लोक दलाच्या नावावर आहेत, कारण चिन्ह त्या पक्षाचे होते. यादी तशीच उतरवली तर दंडवते १९७१ ला प्रजा समाजवादी, १९७७ ला लोक दल, १९८० ला जनता, १९८९ ला जनता दल, असे चार घरे फिरलेले दिसतात. अहवालाचे संक्षेप एका रकान्यात आणि राजकीय प्रवाह शेजारच्या रकान्यात, अशी नोंद करा. २०२४ लाही हेच: विनायक राऊत २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेचे, २०२४ ला शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे. शिवसेना एवढेच लिहिलेला रकाना खाली ओढत नेला तर तो भलत्याच पक्षाला जाऊन मिळतो. त्या वेळी नारायण राणे भाजपकडून ४७,८५८ मतांनी जिंकले.

पोटनिवडणुका सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालांत नाहीत. राजापूरला हे जाणवत नाही: नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये गेले तेव्हा लोकसभा आधीच विसर्जित झालेली होती, दंडवते आले ते सार्वत्रिक निवडणुकीतच. पण हीच पद्धत बारामतीला लावा. १९८४ ला शरद पवार, १९८९ ला शंकरराव पाटील, एवढेच हाती लागेल. १९८५ च्या पोटनिवडणुकीत आलेले संभाजीराव काकडे गायब. १९९१ ला अजित पवार दिसतील, त्याच वर्षी पोटनिवडणुकीतून आलेले शरद पवार नाहीत. लोकसभेच्या संकेतस्थळावरची सदस्ययादी शेजारी ठेवूनच काम करा.

टक्केवारी तयार घेऊ नका. नव्या तक्त्यांत उमेदवाराची टक्केवारी एकूण मतदारांवर आणि झालेल्या मतदानावर अशी दोन प्रकारे असते, आणि २०१४ पासून त्यात ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) आले. जुन्या निकालांशी ताडायचे तर नोटा वगळून वैध मतांवर स्वतः काढा. उमेदवारांची संख्याही जपून वाचा: १९९६ ला देशभर १३,९५२ उमेदवार होते, अनामत ५०० वरून १०,००० झाल्यावर १९९८ ला ४,७५०. त्यात लोकांच्या उत्साहाचा काही संबंध नाही.

नावांवरून जोडणी करतानाही पूर्ण नाव आणि पक्ष दोन्ही जुळवा. आडनाव कधी आधी, कधी शेवटी, शिवाय नामसाधर्म्य. शेजारच्या रायगडात २०१४ ला अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंविरुद्ध २,११० मतांनी जिंकले, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या एका सुनील तटकरेंना ९,८४९ मते पडली होती.

याहून खोल, केंद्रनिहाय जायचे तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरचे फॉर्म २० बघा. सहा विधानसभा क्षेत्रांची बेरीज अंतिम आकड्याला कमी पडली तर आधी टपाली मते मिळवा. ती लोकसभा पातळीवर वेगळी मोजली जातात.