फिश मील की सायलेज?
उकाई धरणाच्या बॅकवॉटरला मासळी साफ केली की डोकी, आतडी उरतात अन् इकडे नवापूरला पोल्ट्र्या ढीगभर, मग फेकायचं कशाला, कोंबड्यांचं खाद्य करा की! फिश मील म्हणजे शिजवा, दाबा, वाळवा, दळा. 4-5 किलो मालातून जेमतेम 1 किलो भुकटी, टिकते मस्त पण मशिनरी अन् जळण महाग, वास तर विचारूच नका. सायलेज म्हणजे ॲसिडमध्ये टिकवलेला मासळीचा पातळ लगदा, त्याला प्लास्टिकचा ड्रम पुरतो, माल बारीक करून 3% च्या आसपास फॉर्मिक ॲसिड टाका, रोज ढवळा, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट) 4 च्या खाली राहिला की सडत नाही, माशाच्याच एन्झाइमनं (पचवणाऱ्या रसानं) पातळ होतं, आपल्या उन्हात तर लवकरच (हातमोजे घाला बरं!). पण त्यात पाणीच जास्त, जळगावपर्यंत नेणं परवडत नाही. थोडाच माल असेल तर मी सायलेजच म्हणेन, मक्याच्या भरड्यात मिसळून कोंबड्यांना द्या, जास्त झालं तर अंड्याला मासळीचा वास येतो.