लिनक्सवर पेजमेकर: वाइन की व्हर्च्युअलबॉक्स?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि इंदुरातल्या छोट्या छपाईवाल्यांपुढे पंचाईत उभी राहिली. मशीन ठणठणीत, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर बाजारात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: नवीन घेऊन टाका. ज्यांनी ते न ऐकता विंडोजच्या जागी लिनक्स (मिंट किंवा झोरिन) टाकलं, किंवा टाकायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ब्राउझर, मेल, जीएसटीची बिलं यांचं रडगाणं इथे नाही, ते सगळं लिनक्सवर सुखाने चालतं. घोडं अडतं ते पेजमेकरपाशी.

पेजमेकर ७ हा छपाईची पानं लावायचा २००१ चा प्रोग्राम. आपल्या धंद्यात तो अजून जिवंत आहे, कारण वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका आणि मंडळांच्या स्मरणिका त्यातच पडून आहेत. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, आणि दोन्हीकडे कृतिदेव फॉन्ट. थोरल्याच्या लग्नाची पत्रिका ज्यांनी आपल्याकडे केली, ते धाकट्याच्या वेळी येऊन म्हणतात, ‘काका, तीच काढा, नावं तेवढी बदला.’ ती फाइल उघडायलाच हवी.

लिब्रेऑफिसने नाही का उघडत? उघडते. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून त्यात पेजमेकरच्या फाइली वाचायची सोय आहे, आणि जुन्या पत्रिकेत काय मजकूर होता एवढंच बघायचं असेल तर तेवढं पुरतं. पण माझ्या अनुभवात मांडणी हलते, किनारीची नक्षी एकीकडे आणि गणपती दुसरीकडे. त्यातून सावरायचं म्हणजे पत्रिका नव्याने लावण्याइतकंच काम. म्हणून खरी निवड दोघांतच: विंडोजचे प्रोग्राम थेट लिनक्सवर चालवणारं वाइन, किंवा लिनक्समध्येच व्हर्च्युअल मशीन उभं करून त्यात आख्खं विंडोज चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स.

आधी वाइन. १९९३ ला सुरू झालेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, पण आज त्याची तब्येत फार चांगली आहे. गेम खेळणाऱ्यांसाठी व्हॉल्व या गेम कंपनीने २०१८ मध्ये त्यावरच प्रोटॉन उभारलं, त्या सगळ्या कामाचा फायदा आपल्यासारख्या बिनगेमवाल्यांनाही मिळाला. पेजमेकर माझ्याकडे पहिल्या फटक्यात बसला. उघडायला वेळ लागत नाही, खाली पट्टीवर इतर प्रोग्रामांसारखाच दिसतो, आणि फाइल थेट आपल्या होम फोल्डरमध्ये सेव्ह होते. कृतिदेवची फाइल फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली की अक्षरं हजर. आणखी एक गोष्ट वाइनच्या खात्यात जमा करायलाच हवी. नव्वदच्या दशकातले काही प्रोग्राम किंवा त्यांचे इन्स्टॉलर १६ बिटचे असतात. ६४ बिटचं विंडोज ते उघडतच नाही, वाइन मात्र अजून उघडतं. जुनी क्लिपआर्टची सीडी असेल तर हे लक्षात ठेवा.

बॉटल्स नावाचा प्रोग्राम वाइनलाच नीटनेटका चेहरा देतो, प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळी बाटली. छान आहे, पण फ्लॅटपॅक म्हणून, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या पाकिटात, येत असल्यामुळे त्याला तुमचं फोल्डर आपोआप दिसत नाही. परवानगी द्यावी लागते, नाहीतर ‘माझ्या फाइली कुठे गेल्या’ म्हणत बसाल. नुसतं वाइन याच्या अगदी उलट. झेड ड्राइव्हमधून सगळी डिस्क उघडी टाकतं. कुणी पेनड्राइव्हमधून काय आणेल याचा भरवसा नसलेल्या दुकानात मला ते जरा खटकतं.

तर एवढं सगळं जुळून आल्यावर माझं अडलं कुठे? ‘कृपया’ शब्दावर.

कृतिदेव वापरणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी: हा फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी तुकडे बसवतो. नेहमीचे तुकडे बोटांखाली असतात. उरलेले ऑल्ट दाबून आकड्यांच्या पॅडवर टाइप करावे लागतात. ‘कृ’ म्हणजे ऑल्ट ०१५१. ‘क्र’ म्हणजे ऑल्ट ०२१६. त्त, न्न, द्द, हृ, ह्म, आणि देवनागरी आकडे, सगळे याच रस्त्याने. आता एक पत्रिका डोळ्यांसमोर आणा. कृपया, कार्यक्रम, कृपाभिलाषी, चि. दत्तात्रय, तिथी, तारीख, फोन नंबर. एकही ओळ सुटत नाही.

ही ऑल्टची सोय विंडोजची. लिनक्स ती पाळत नाही, आणि माझ्या मशीनवर वाइनमध्येही ती उमटली नाही. ऑल्ट धरला, ०१५१ दाबलं, सोडलं, आणि पानावर काहीच नाही. क्वचित मेनूच उघडायचा. तुमच्या आवृत्तीत चालत असेल तर उत्तमच, आधी हेच तपासा. सेटिंग शोधून पाहिली, फोरम वाचले. लिब्रेऑफिसच्या विशेष अक्षरांच्या खिडकीतून एकेक चिन्ह कॉपी करून चिकटवायचं, हा उपाय सापडला. एका पत्रिकेपुरता तो चालतो. लग्नसराईत चालत नाही.

आणखी एक उपाय आहे, आणि तो खरोखर चांगला आहे. लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये एक कंपोझ की नेमता येते. ती दाबून मग लागोपाठ दोन-तीन कळा दाबल्या की त्या तुकड्यामागचं लॅटिन चिन्ह थेट उमटतं, आणि वाइनमध्ये त्याच चिन्हाचा कृतिदेवमध्ये ‘न्न’ किंवा ‘क्र’ होतो. नवशिक्या ऑपरेटरला मी हेच शिकवेन. पण ज्याची बोटं वर्षानुवर्षं ०१५१ वर पडलेली आहेत, त्याला आता तीन ठोक्यांचं नवं गणित शिकवायचं म्हणजे जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या कीबोर्डवाल्याला इनस्क्रिप्ट कीबोर्डवर बसवण्यासारखं. शिकतो माणूस, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण आत खरं विंडोज असतं. ऑल्ट ०१५१, आणि ‘कृ’ हजर. एकच खोडी: न्यूमलॉक बाहेर चालू आणि आत बंद, असं कधीकधी होतं. एकदा दाबून सोडलं की ताळ्यावर येतं. लॅपटॉपवर आकड्यांचं पॅड नसेल तर यूएसबीचं छोटं पॅड घ्या.

व्हर्च्युअल मशीन जड आहे, हे नाकारत नाही. ८ जीबी रॅम असेल तर तीन-चार तिला द्यावी लागते, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागतं, डिस्कची फाइल बघता बघता कित्येक जीबी होते. परवान्याचंही आहे: जुन्या मशीनसोबत आलेला ओईएम परवाना त्या मशीनलाच बांधलेला, आतल्या विंडोजला वेगळा लागतो. ज्यांच्याकडे विंडोज ७ ची वेगळी विकत घेतलेली, डब्यातली डीव्हीडी पडून आहे त्यांचं नशीब. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले, म्हणून मी आतलं नेटवर्क सरळ काढून टाकलं आहे. नेट नाही, अपडेटचा तगादा नाही, पेनड्राइव्हचा विषाणू आला तरी शेअर्ड फोल्डर सोडता आतच घुटमळेल. नीट चालतंय तेव्हाचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नक्कल, घेऊन ठेवला की बिघडल्यावर तिथे परतता येतं.

काम संपल्यावर विंडोज बंद करू नका, मशीनची अवस्था सेव्ह करा. मग ‘वराच्या मामांचं नाव राहिलं’ म्हणत कुणी आलं तरी पेजमेकर जिथे सोडला तिथूनच उघडतो. वाइनइतकं चटकन नाही, पण खुर्चीवर बसून पाणी प्यायच्या आत. छपाईसाठी आत पीडीएफ काढतो, शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतो आणि लिनक्समधून प्रिंट देतो. घरोघरी दिसणारे ते छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर कधीकधी हट्ट करतात. तसं झालं तर प्रिंटरसुद्धा यूएसबीमधून आतल्या विंडोजला जोडता येतो, फक्त आपलं लिनक्सचं खातं व्हीबॉक्सयूझर्स (vboxusers) गटात घालायचं विसरू नका. कुलूपवालं टायपिंग सॉफ्टवेअर असेल, म्हणजे यूएसबीची ती डोंगल, तर तिच्यासाठीही हीच वाट. डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, वाइनमध्ये तो गाभाच नाही.

तुमचं काम फक्त जुन्या फाइली उघडून नावं बघणं किंवा इंग्रजी व्हिजिटिंग कार्ड काढणं असेल तर वाइन घ्या, व्हर्च्युअलबॉक्सचं ओझं कशाला? मशीनमध्ये ४ जीबीच रॅम असेल तरीही वाइनच. युनिकोडमध्ये नव्याने सुरुवात करणाऱ्याला तर दोन्ही नकोत, त्याने स्क्रायबस हा लिनक्सवरचाच पानं लावायचा प्रोग्राम शिकावा. पण कृतिदेवमध्ये रोज पत्रिका लावत असाल, तर आधी वाइन टाकून एक रिकामं पान उघडा, ‘कृपया’ टाइप करा, आणि उमटलं नाही तर त्याच संध्याकाळी व्हर्च्युअलबॉक्स उतरवून घ्या.