पैठणीच्या वेबसाइटला टॉक डॉट टू

येवल्याच्या आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर चॅटसाठी टॉक डॉट टू (tawk.to) हे सॉफ्टवेअर बसवलंय. मूळ सेवा फुकट. उत्तरं देणारी माणसं कितीही जोडा. आधीच्या सॉफ्टवेअरचं बिल माणशी दरमहा यायचं. यात गिऱ्हाईक कोणत्या पानावर आहे ते दिसतंच, शिवाय टाइप होत असलेला मजकूर पाठवण्याआधीच वाचता येतो. (गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं, ते मला खटकतं.) ‘हातमागाची आहे ना’ एवढं दिसलं की वहिनी काठाच्या उलट्या बाजूचा फोटो काढून तयार! हातमागाच्या पैठणीचा काठ दोन्हीकडून सारखाच दिसतो. नेहमीची उत्तरं साठवून ठेवायची आणि तिरकी रेघ (/) टाइप करून पाठवायची, मराठीतसुद्धा. चॅटच्या चौकटीखालचं टॉक डॉट टूचं नाव काढायला मात्र पैसे पडतात. आम्ही ते राहू दिलंय.